डोहावरचं लाल निशाण

नियमावलीत एकेचाळीस नियम होते. सायक्लोस्टाईल केलेला कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, आणि शाई अशी फुटलेली की 'शिस्त' हा शब्द सोडला तर काही धड वाचता येत नव्हतं. तो मात्र तेवीस वेळा आला होता. मी मोजला. असलं काही हाती आलं की मी ते शेवटपर्यंत वाचते. वच्छीचे बाबा म्हणतात, हा तुझा आजार आहे, बी.ए. केल्यापासून वाढला.

त्रेसष्टचा जानेवारी होता. चीनच्या लढाईनंतर आमच्याकडं ज्याला त्याला शिस्तीचा उमाळा आला होता. अमरावतीत बालशिस्त मंडळ नावाचं एक मंडळ निघालं आणि अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांतली चारशे मुलं-मुली तीन दिवस तंबूत ठेवायची असं त्यानं ठरवलं. जागा बार्शीटाकळीच्या पुढं, नदीकाठची आमराई. माझी वच्छला अकरा वर्षांची. अकोल्याच्या आमच्या वस्तीतून निवडली गेलेली ती एकटी.

नियम पहिला: शिबिरप्रमुखांना 'प्रमुखजी' असेच संबोधावे. नियम चौथा: शिट्टी फक्त प्रमुखजी वाजवतील. नियम नववा: पालकांनी शिबिरार्थींना परस्पर सूचना देऊ नयेत. बिछान्याच्या घडीवर तीन नियम होते, गुंड्यांवर दोन, सलाम करताना कोपर कुठं असावं यावर एक लांबलचक. नदीवर एकच, सतरावा: 'धोक्याच्या जागी लाल निशाण लावलेले असेल. त्याचा अर्थ प्रत्येकाने समजून घ्यावा.'

पालकांची सभा अकोल्याला झाली. सत्तरेक पुरुष आणि आम्ही चार बायका.

"नदी किती खोल आहे तिथं?" मी उभं राहून विचारलं.

शिबिरप्रमुख केशवराव मूळचे अचलपूरचे. पण पुण्याला सहा महिने व्यायामाचा कोर्स करून आल्यापासून त्यांना वऱ्हाडी कळेनासं झालं होतं. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात शिट्टी. सभेलाही शिट्टी.

"ताई, नियम सतरा वाचला नाहीत वाटतं."

"वाचला, म्हणूनच विचारते. खोल किती?"

"लाल निशाण असेल ना! लाल निशाण पाहून आगगाडीसुद्धा थांबते, ताई."

सत्तर पुरुष हसले. आगगाडीला लहानपणी कुणी नदीच्या गोष्टी सांगितलेल्या नसतात, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं.

"जागा कोण बघणार?"

"मी." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आणि फारच धाकधूक होत असेल तर मुलीला घरी ठेवा की."

ठेवली असती. पण वच्छीनं महिनाभर आधीपासून चादरीची घडी घालायचा सराव चालवला होता. शेवटी नियम तिसावा कामी आला. पन्नास मुलींमागे एक प्रौढ स्त्री हवी होती, मुली शंभर होत्या आणि मंडळाकडं बाई एकच, शाळेतल्या माणिकबाई. मी नाव दिलं. नाव घेताना केशवरावांचा चेहरा असा झाला, जणू उरलेल्या पन्नास मुली मीच त्यांच्या अंगावर टाकल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो. मी आधी नदी बघायला गेले.

आमराई संपते तिथं नदी वळण घेते. वळणाच्या आतल्या बाजूनं वाळू आणि घोट्याएवढं पाणी. बाहेरच्या बाजूनं मात्र काळ्या मातीची उंच दरड, आणि तिच्या पायथ्याशी हिरवागार डोह. निशाण त्या दरडीच्या अगदी टोकावर रोवलेलं होतं. पुरुषभर बांबू आणि कोरं तांबडं कापड. धोका दाखवायला ते धोक्याच्या डोक्यावर चढवून ठेवलं होतं. वीस पावलं अलीकडं लावलं असतं तरी चाललं असतं, पण मग ते पंगतीच्या तंबूतून दिसलं नसतं, आणि रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना दिसायला हवं होतं.

निशाणासमोर एक बाई हात जोडून उभी होती. चतुराबाई. गावातली, शिबिराच्या स्वैपाकाला आलेली.

"काय करून राहिल्या, चतुराबाई?"

"पाया पडून राहिली, मा. इतके दिस नुसता डोह होता. कोनाले सुचलं नाई. तुमच्या मोठ्या सायबानं आसरामायचं ठानं बसवलं, लय चांगलं केलं."

 डोहात साती आसरा राहतात, पाण्याच्या देवी, त्या माणसाला ओढून नेतात, म्हणून त्यांना नारळ-बांगड्या द्यायच्या. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि डोहाच्या काठावर कोरं तांबडं कापड बांबूला लावून कुणी रोवलं, तर त्याचा अर्थ वऱ्हाडात एकच होतो. तो प्रत्येकानं समजून घेतला. समजला नाही फक्त अचलपुरात जन्मलेल्या केशवरावांना.

"अवो, ते देवीचं नाही. इथं पाणी खोल हाय, जाऊ नये म्हणून लावलं."

"तेच तं," चतुराबाई म्हणाली. "खोल हाय म्हनूनच तं आसरा हाय."

शनिवारी सकाळपर्यंत बांबूच्या बुडाशी एक उभा दगड आला होता, दगडाला शेंदूर, पुढ्यात नारळ. नाश्त्यानंतर मुली जोडीजोडीनं जाऊन यायला लागल्या. जोडी हा नियम बाविसावा, तो त्यांनी काटेकोर पाळला. कुणी झेंडूचं फूल ठेवलं, कुणी हातातली काचेची बांगडी. आणि मी, माणसं देवीकडं बघतात तेव्हा जमिनीकडं बघणारी, मला एक भेग दिसली. निशाणाच्या मागं सहा-सात पावलांवर, काठाला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी तिच्यात माझं बोट जात होतं. दुपारी मूठ गेली.

माणिकबाईंना आधी सांगितलं. त्या वेणीची फीत बांधत होत्या.

"अहो इंदूबाई, श्रद्धेचा प्रश्न आहे हा. मीसुद्धा सकाळी हात जोडून आले. उगाच कशाला वाकडं घ्या?"

मग केशवरावांकडं गेले. ते मुलांच्या चादरींच्या घड्यांना फूटपट्टी लावत होते.

"मुली निशाणाची पूजा करतायत?" त्यांना खरोखर आनंद झाला. "अंधश्रद्धा! उत्तम. मी आजच यावर बौद्धिक घेतो."

"बौद्धिक नको. तिथं दरडीला भेग पडलीय."

"काळ्या मातीला भेगा पडतातच, ताई. तुम्ही शेतकऱ्यांतल्या नाही वाटतं."

"मी शेतमजुराची मुलगी आहे. भेगा उन्हाळ्यात पडतात, आणि जाळीसारख्या पडतात. जानेवारीत काठाला धरून एकच भेग पडली तर ती दरड जाणार असते. ते निशाण काढा तिथून."

"धोक्याच्या जागेवरचं निशाण काढा म्हणता? आणि उद्या काही झालं तर लोक काय विचारतील? निशाण का नव्हतं, असं विचारतील!"

"पण मुली निशाणामुळंच जातायत."

"म्हणजे निशाण सर्वांना दिसतंय," ते म्हणाले आणि पुढच्या चादरीकडं वळले.

संध्याकाळी पाऊण तास बौद्धिक झालं. आसरा ही कशी खुळी कल्पना आहे ते त्यांनी पुणेरी मराठीत सविस्तर सांगितलं. ज्या पोरांना त्या जागेचा पत्ता तोपर्यंत लागला नव्हता त्यांनाही लागला. वर त्यांनी निशाणापाशी दोन स्वयंसेवक काठ्या देऊन उभे केले. कुणाला अडवायला नव्हे. कुणी निशाण उपटू नये म्हणून. 'कुणी' म्हणजे कोण, ते माझ्याकडं बघून सांगितलं.

त्याच संध्याकाळी तंबूत मुलींचं बोलणं माझ्या कानावर पडलं. वच्छी आणि तिच्या पथकातली गोदा, बार्शीटाकळीच्या पाटलाकडची.

"तू काहून नाई आली वं पाया पडाले?"

"आमी देव मानत नाई."

"हाव, तुमी तं देवच सोडले म्हंते. मंग तुले भ्याव नाई लागत? आसरा तुलेच पयले धरीन."

"धरून पाहू दे ना. तिचा नारळ मी उद्या उचलून आनते. अन् तुह्या समोर फोडून खाते."

"आनशील?"

"आनीन."

छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा वच्छी पाच वर्षांची होती. आमच्या देव्हाऱ्यातले टाक तिनं आपल्या हातानं फडक्यात बांधले होते. नाही म्हणायचं कसं, ते मीच तिला शिकवलं. खरं सांगते, तंबूबाहेर उभी राहून ते ऐकताना मला अभिमान वाटला. इतक्या भाविक मंडळींत माझीच पोर तेवढी ताठ, असं वाटलं. मग भेग आठवली. आत जाऊन मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "वच्छे, डोहाकडं जायचं नाही."

"काहून?"

"मी म्हणते म्हणून."

ती पाठ करून झोपली. चादर मात्र नियमाप्रमाणं पांघरून.

रविवारी दहाला पाहुणे यायचे होते. मुलांची संचलनाची तालीम चालली होती, काठीवाले दोघेही रांगेत कमी पडले म्हणून तिकडं नेले होते. मुलींचा क्रम नंतरचा. मी तंबूत डोकावले तर वच्छीच्या पथकातल्या कुणाचाच पत्ता नाही. मी धावले. आमराईच्या टोकाला पोचले आणि माझे पाय तिथंच थांबले.

तीसेक मुली दरडीवर गोळा झाल्या होत्या. सगळ्या भेगेच्या पलीकडं. आणि सगळ्यांच्या पुढं, निशाणाच्या बांबूला एका हातानं धरून, वच्छी. दगडापुढचा नारळ तिनं उचललेला होता.

मी हाक मारणार होते. मग वाटलं, हाक मारली की सगळ्या एकदम वळतील, पळतील, साठ पाय एकदम त्या मातीवर आपटतील. भेग आहे म्हटलं तर भेग कुठं म्हणून बघायला जमतील. शिट्टी माझ्याकडं नव्हती, ती नियम चौथ्याच्या गळ्यात होती. तिकडं मैदानावर ती वाजत होती आणि केशवराव कुणाच्या तरी कोपराला ओरडत होते.

माझ्या आत्याच्या, मैनाबाईच्या, अंगात यायचं. मी लहानपणी शंभरदा बघितलं होतं. तो घुमण्याचा आवाज, ती मान. सहा वर्षं झाली, असलं काही करणार नाही असा शब्द मी हजारो माणसांत उभी राहून दिला होता.

मी अंबाडा सोडला. केस पुढं घेतले, गुडघे टेकले आणि घुमायला लागले. आवाज आला तो माझा नव्हता, आत्याचा होता.

"कोन हाय माह्या पान्यावर?"

सगळ्या वळल्या. कुणी पळालं नाही, पळायची ताकदच गेली.

"जागा सोडा माही! पळू नका! हळू. एकेक! पयले मागच्या. पाय आपटू नका!"

मागच्या मुली हलल्या. मग त्यांच्या पुढच्या. हात जोडून, श्वास धरून, एकामागून एक अशा सरळ रांगेत त्या भेग ओलांडून आल्या की तीन दिवस शिट्टी फुंकून केशवरावांना तशी रांग जमली नव्हती. गोदा सगळ्यात शेवटी आली.

वच्छी तिथंच राहिली.

तिच्यावर देवी चालणार नव्हती. एवढं मला आधी सुचायला हवं होतं. ती नारळ छातीशी धरून माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. केशवरावांकडं बघताना माझं तोंड तसं होत असणार.

मी घुमत राहिले. आता काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

नारळ तिच्या हातातून पडला. तो उताराला लागला आणि डोहात गेला. ती चालत आली, भराभरा, भेगेवरून उडी मारून, आणि माझ्यासमोर उभी राहून दातओठ खात हळूच म्हणाली, "माय, केस बांध. सगळ्या पाहून राहिल्या."

मी तिचं मनगट धरलं ते आमराईत पोचेपर्यंत सोडलं नाही.

दरड गेली ती दुपारी, पंगत बसलेली असताना. भिजलेलं पोतं पडावं तसा आवाज झाला. आम्ही गेलो तर दोन बैलगाड्या मावतील एवढा काठाचा तुकडा नव्हताच. खाली गढूळ पाण्यात तांबडं कापड बांबूसकट गोल गोल फिरत होतं.

केशवराव क्षणभर पांढरे पडले. पाहुणे शेजारीच होते. मग त्यांचा रंग परत आला, आणि तो आला की त्यांची जीभही येते.

"पाहिलंत? नेमकी हीच जागा! याच जागी आम्ही निशाण लावलं होतं. आणि चारशे शिबिरार्थींपैकी एकाचंही पाऊल तिथं नव्हतं. याला म्हणतात शिस्त!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. समारोपात नियम सतराचा गौरव झाला. अहवालात माझ्या सकाळच्या प्रकाराबद्दल एक ओळ आली, ती माणिकबाईंनी मला दाखवली: 'एका महिला स्वयंसेविकेस उन्हामुळे भोवळ आली.' जानेवारीच्या दहा वाजताच्या उन्हामुळं!

केशवरावांचं मला काही विशेष वाटलं नाही. तसल्या माणसांकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण सामान बांधत होते तेव्हा चतुराबाई गावातल्या पाच-सहा बायका घेऊन आली. ताटात खण, नारळ, हिरव्या बांगड्या. ती खाली वाकली ती थेट माझ्या पायांवर.

"उठा, चतुराबाई. काय करून राहिल्या?"

"तुमी नसत्या तं आज पोरी गेल्या असत्या, मा. आसरामायनं तुमच्या तोंडून सांगतलं."

वच्छी बिछान्याची वळकटी बांधत होती. तिचे हात थांबले.

"माझ्या अंगात काही आलं नव्हतं," मी म्हटलं. "मी खोटं केलं. सोंग होतं ते. दरडीला भेग पडली होती, मी बघितली होती, म्हणून केलं."

"हाव," चतुराबाई समजूतदारपणे म्हणाली. "देवी निघून गेल्यावर मानूस असंच म्हंते. त्याले आठवत नाई." आणि तिनं माझी ओटी भरली. मी हात मागं घेतले तरी तिनं पदर ओढून भरली.

बस सुटली. मुली पुढं, आम्ही दोघी मागं. ओटीतलं सगळं मी चतुराबाईलाच परत दिलं होतं, तरी पदराला हळद लागलेली होती. वच्छी खिडकीकडं तोंड करून बसली. बार्शीटाकळी अजून यायचं होतं, गोदा तिथं उतरणार होती.

"भेग तुले कधी दिसली होती?" तिनं विचारलं, तोंड न वळवता.

"शनिवारी सकाळी."

"कोनाले सांगतलं?"

"माणिकबाईंना. केशवरावांना."

"मले नाई सांगतलं."

"जाऊ नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"तू म्हणते म्हणून जायचं नाई, एवढंच सांगतलं." आता ती वळली. "भेग हाय म्हणून सांगतलं असतं तं मी गेली नसती. गोदालेबी जाऊ देली नसती. तिच्या बापाचं वावर नदीकाठालाच हाय, तिले समजते दरड म्हणजे काय ते."

 चोवीस तास ती भेग माझ्यापाशी होती. ज्यांना मी मूर्ख समजते अशा दोघांना ती मी नेऊन दाखवली, आणि ज्या तीस मुली तिच्यावर उभ्या राहणार होत्या त्यांतल्या एकीलाही नाही. त्यांना आधी 'मी म्हणते म्हणून', आणि मग देवी. पोरींना कारण सांगायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. केशवरावांनाही सुचलं नव्हतं.

"त्याईले वाटते तुह्या अंगात येते," वच्छी म्हणाली. "उद्या शाळेत सगळ्याईले सांगतीन."

"मी सांगितलं ना चतुराबाईला. तिनं ऐकलं नाही."

"चतुराबाई म्हातारी हाय. गोदाले सांग."

बस खड्ड्याखड्ड्यांतून चालली होती. मी दांड्याला धरत पुढं गेले. मला येताना बघून गोदानं पाय वर आखडून घेतले, माझ्या पायांना लागू नयेत म्हणून, आणि दोन्ही हात जोडले. बाकड्यावरची मुलगी घाईघाईनं उठून मला जागा देऊ लागली. मी तिला खांद्याला धरून परत बसवलं आणि त्यांच्यासमोर खालीच, बसच्या पत्र्यावर, मांडी घालून बसले.

"गोदा," मी म्हटलं, "हात खाली घे पाहू. तुमच्या वावराची दरड कधी गेली होती का?"

ती घाबरत म्हणाली, "हाव. मागच्या पावसाळ्यात."

"जायच्या आधी कशी दिसत होती ते सांग मला."